मातीला भिणारा माणूस

आमच्या घरमालकांना मी एकदा मांजराचे पाय धुताना पाहिलं. मांजर जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि हे त्याची समजूत घालत होते, "गप रव रे. तुझ्या बऱ्यासाठीच करतंय मां?" मांजराला ते पटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते कौलांवरूनच ये-जा करू लागलं.

मांजराचं जे, तेच माणसांचं. कोकणात पाय धुऊन घरात शिरायची रीत आहेच, पण या घरात अंगणात येताना एकदा, पायरीवर एकदा आणि माजघराच्या उंबऱ्याशी तिसऱ्यांदा. काकी, म्हणजे त्यांची बायको, अंगण सारवायला बसल्या की हे घराच्या मागच्या दगडी पायरीवर जाऊन बसायचे आणि सारवण वाळेपर्यंत परतायचे नाहीत. तुळशीला नमस्कार करायचे तोही चार हात लांबून. तुळससुद्धा मातीतून काढून खडीत लावावी, असं एकदा ते बोलून गेले आणि काकींनी दोन दिवस त्यांच्यापुढे नुसती पेज ठेवली. साठीकडे आलेला काटक माणूस, उन्हाने काळवंडलेला, कमरेला सदान्कदा खाकी अर्धी विजार. गाव त्यांना आबा म्हणायचा, मीही आबा म्हणू लागले. जन्म बोटीवर काढलेला हा माणूस वादळाच्या गोष्टी हसत हसत सांगायचा, आणि मुठीएवढ्या ढेकळाला भ्यायचा.

मी घाटावरची, कऱ्हाडकडची. दुसरी मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा सरकारी सुईण म्हणून आचऱ्याच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात रुजू झाले. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला पत्रं पाठवतात. वय तेवीस, धीर बेताचाच. आबांच्या पडवीच्या टोकाची खोली भाड्याने मिळाली. पहिल्याच सकाळी दार उघडलं तर समोर आबा एका लाकडी पेटीवर वाकून कान लावून उभे. पेटीत बारीक खडी आणि खडीतून वर आलेली टोमॅटोची रोपं.

"ओढतत मां?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, मलाच विचारताहेत. तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला, "ओढतत, ओढतत. चाय निवता थंय!"

मी दार लावून घेतलं आणि बदलीचा अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, याचा विचार करत बसले.

पुढे उलगडा झाला. मुळं पाणी ओढतात ना, हे ते रोज रोपांनाच विचारत. आबा बोटीवर भटारी, म्हणजे स्वयंपाकी होते. लढाईत त्यांना इराणच्या आखातातल्या एका छावणीच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे चहूकडे खारवट वाळू, भाजीचं पान दिसायचं नाही. म्हणून गोऱ्या साहेबांनी खडीचे वाफे करून त्यांना खताचं पाणी पाजून टोमॅटो, मुळा, कोबी काढला होता. बाकीचे लोक छावणीतून घड्याळं आणि घोंगड्या घेऊन परतले. आबा ही विद्या घेऊन परतले.

पडवीत अशा चार पेट्या होत्या. फुटक्या होडीच्या फळ्यांच्या, आतून डांबर फासलेल्या, चिऱ्यांवर उचलून ठेवलेल्या आणि एका अंगाला किंचित कललेल्या. खालच्या कोपऱ्यात भोक, भोकाला काथ्याचा बोळा. सकाळ-संध्याकाळ वरून औषधाचं पाणी सोडायचं, घटकाभर खडी भिजू द्यायची, मग बोळा काढून तेच पाणी खाली बादलीत धरायचं. औषध म्हणजे सोरा, सल्फेट, सुपर, चिमूटभर हिराकस आणि जुलाबाचं मीठ. हे शेवटचं माझ्या औषधांच्या पेटीतून जायचं. टोमॅटोला सरकारी जुलाब देणारी जिल्ह्यातली मी एकटीच सुईण असेन.

शिकवायची त्यांना भारी हौस. टपाल घेऊन आलेल्या माणसालाही ते सोडत नसत. "एका डब्यान सुरवात करूची," ते बजावायचे. "जो पयल्या दिवशी चार पेटये मांडता, तो चारय मारता." हे अनुभवाचे बोल होते, कारण त्यांनी स्वतः चारही तीनदा मारल्या होत्या. पहिल्या खेपेला खाडीची खडी नीट न धुता घातली, मिठाने पानं करपली. मग लवकर फोफावावीत म्हणून औषध दुप्पट केलं, तीही गेली. तिसऱ्या वेळी बोळा दिवसभर काढलाच नाही, मुळं कुजली. "मुळांक पाणी होया, तसो वारोय होयो. बुडवन ठेवलास तर गुदमारतत." त्यांचं ऐकून मी एका डब्यात लाल माठ केला होता. आज कऱ्हाडात माझ्या गॅलरीत एक डबा आहे, एकच, आणि सकाळी त्याच्यावर वाकून मी काय विचारते ते सुनांना ठाऊक आहे.

पण एवढा खटाटोप कशाला, पावलोपावली माती पडली आहे, असं म्हटलं की आबांचा चेहरा मिटायचा. "मातयेत कोण रवता, तां तुका ठावक नाय बाये," एवढंच बोलून ते खडी धुवायला घ्यायचे. धुतलेलीच खडी.

गाव त्या पेट्यांना भ्यायचा. हसायचाही, पण पडवीपासून जरा अंतर ठेवूनच. तिथे शेतातलं पहिलं कणीस, झाडाचा पहिला फणस देवाला जातो. आबांनी पहिले टोमॅटो केळीच्या पानावर घालून देवळात नेले, तर गुरव हात मागे घेऊन उभा राहिला. गावाच्या मातीत न पिकलेलं देवापुढे ठेवायचं कसं, आणि देव विचारील, हे कोणाचं, तर सांगायचं काय? आबा ते पान तसंच घेऊन परत आले. काकी ती भाजी कधी खात नसत. मी खायचे. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मात्र दोन दिवस पोटात कळ येते का, याची वाट पाहत होते. भीती संसर्गजन्य असते, हे आम्हाला शिकवलेल्या पुस्तकात नव्हतं.

माझी स्वतःची भीती वेगळी होती, आणि ती खरी होती. धनुर्वात. जन्मलेलं मूल पाच-सहा दिवस छान असतं. मग एका सकाळी आईच्या अंगाला तोंड लावतं आणि ओढत नाही. ओठ आवळतात, जबडा उघडत नाही. नुसतं भांडं वाजलं तरी अंग धनुष्यासारखं ताठ होतं. नाळ कोयतीने कापलेली असते, वर शेणाची राख नाहीतर माती लावलेली असते, आणि मला बोलावणं येतं ते आठव्या दिवशी. पहिल्या वर्षात मी अशी दोन मुलं पाहिली. दोन्ही गेली. दुसऱ्या मुलाच्या घरून मी परतले. आबा पायरीवर गरम पाणी घेऊन उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कितवो दीस?"

"आठवा," मी म्हटलं.

ते पायरीवरच बसले. पाण्याचा लोटा कलंडला तरी त्यांना कळलं नाही. मला तेव्हा वाटलं, किती कोवळ्या मनाचा माणूस आहे.

त्याच हिवाळ्यात त्यांची मुलगी सुमन बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण. नवरा मुंबईला गिरणीत. आबा-काकींचं हे चौथं मूल आणि तेवढं एकच जगलेलं. आधीचे तीन मुलगे बाळसं धरायच्या आतच गेले होते. काकी त्यांच्याबद्दल कधीमधी बोलायच्या, आबा मुळीच नाही. सुमन आल्यापासून आबा दिवसातून दहादा खोलीच्या दारापर्यंत यायचे आणि उंबरा न ओलांडता परत जायचे. मी पोटाला हात लावून हिशोब केला होता. अजून तीन आठवडे.

आणि देवाने गावपळणीचा कौल दिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या भागातल्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव उठतो आणि शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. देवळात नगारा वाजला की निघायचं, आणि तीन रात्री गावात एकही पाळलेला जीव राहता कामा नये. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा, देवाने हो म्हटलं तर परतायचं. गाव तेवढे दिवस देवाचा आणि त्याच्या माणसांचा. ती माणसं कोण, हे कोणी मोठ्याने बोलत नाही. शिवेबाहेर माडाच्या झापांच्या खोपी घालतात, पोरं खेळतात, बाया गाणी म्हणतात, जत्राच वाटावी. पण सूर्य कलला की सगळे गावाकडे पाठ करून बसतात, हे मी पाहिलं आहे.

आदल्या दिवशी देवळापुढे आबांनी विचारलं, की माझ्या पेट्यांचं काय? दोन वेळा पाणी दिलं नाही तर खडीतली झाडं तिसरा दिवस पाहत नाहीत. गावकर, म्हणजे देवळातला पहिला मानकरी, विचार करून म्हणाला, "माड, आंबे हयसरच रवतत, आबा. ते मातयेत आसत, आणि माती देवाची. तुमची झाडां खंयच्या मातयेत आसत?"

"खंयच्याच नाय," आबा म्हणाले.

"मगे ती देवाच्या राखणीत नाय. कोंबड्यांवांगडा घेवन चला."

लोक हसले, पण हसताना एकमेकांकडे बघत होते. आबांनी दोन पेट्या शेजाऱ्याच्या गाडीत घालायला दिल्या, म्हणजे तसं म्हणाले, शेजाऱ्याने त्या घेतल्या नाहीत आणि त्या पडवीतच राहिल्या. दोन पेट्या गाडीवर चढल्या, हिरव्यागार, फळांनी लगडलेल्या. त्यांच्या मागच्या गाडीत गवतावर सुमन. आणि मी माझा डबा मांडीवर घेऊन, त्यात कात्री, दोरा, कापूस, स्पिरिट. शीव ओलांडताना मी मागे वळून पाहिलं. कुठे कोंबडं आरवत नव्हतं, की कुठे धूर नव्हता. मी पुन्हा मागे पाहिलं नाही.

माझा हिशोब चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनच्या कळा सुरू झाल्या.

तिला मालवणला गाडीतून न्यायचं तर अर्ध्या वाटेत मोकळी होईल. गावात न्यायची सोय नाही. जे व्हायचं ते तिथेच, कापणी झालेल्या भाताच्या मळ्यात, झापांच्या खोपीत, उघड्या जमिनीवर. खोपीच्या मागेच गुरं बांधलेली. जिकडे पाय टाकावा तिकडे माती आणि शेण. मी काकींना म्हटलं, "बाज, पाट, फळी, काहीतरी आणा. हिला जमिनीवर निजवायची नाही." पण गावपळणीला बाज कोण नेतो? मी घाबरले होते, आणि माझा आवाज चढला असणार, कारण बाहेर आबांनी तो ऐकला.

खोपीच्या फटीतून मला ते दिसत होते. ते पेट्यांपाशी गेले. त्या दिवशी त्यांनी झाडांना काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी एकेक रोप उपटून बाजूला टाकलं, पिकल्या फळांसकट. पांढरी लांब मुळं पाणी गाळत त्यांच्या मनगटांना चिकटत होती. मग खडी ओतून दिली. दोन्ही पेट्या पालथ्या करून चिऱ्यांवर जोडून मांडल्या आणि उकळत्या पाण्याचा हंडा त्यांच्यावर रिता केला, मग दुसरा, मग तिसरा. त्या फळ्यांना कधी मातीचा कण लागलेला नव्हता. त्या सगळ्या मुक्कामात तेवढी एकच जागा तशी होती. चार बायांनी त्या पेट्या खोपीत आणल्या, आम्ही वर उकळलेली लुगडी अंथरली आणि सुमनला चढवलं.

दुपार झाली. मूल येण्याच्या बेतात होतं. मी कात्री उकळत्या पाण्यातून काढली, वळून पाहिलं, तर काकी पदराची गाठ सोडत होत्या. गाठीत केळीच्या सोपाची पुडी होती, आणि पुडीत लालसर भुसभुशीत माती.

"ही काय?" मी विचारलं.

"रोयणीची," काकी म्हणाल्या. रोयण म्हणजे वारूळ. तिथली देवी वारुळातच असते. आबांच्या घराण्यात चाल होती, की मूल जन्मलं की बापाने अनवाणी, मुक्याने जाऊन रोयणीची माती आणायची आणि बेंबीला लावायची. म्हणजे देवीने पदरात घेतलं. "जावय मुंबयक. म्हणान मीच घेवन इलंय. माजी तीन गेली बाये, हिचा तरी जगाक होया."

मी नको म्हणाले. शिकलेली पोर काय सांगते, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुमन कळ देत होती, मला वाद घालायला एक हात मोकळा नव्हता. तेवढ्यात झापांच्या पलीकडून, अगदी जवळून आबांचा आवाज आला.

"ती माती लावू नको."

"तुमी गप रवा," काकी म्हणाल्या. "बायलांच्या कामात तुमचा काय?"

"लावू नको, सांगतंय. मोठ्याक मीच लायलंय. मगे दुसऱ्याक. तिसऱ्याक मूठभर लायलंय, आधीच्यांक कमी पडली म्हणान. ह्या चेडवाच्या येळाक मी बोटीर होतंय, कोणी लायल्यान नाय, म्हणान ह्यां जगलां. छावणीत डाक्टरान माका सांगल्यान, मातयेत काय रवता तां." मग हळू म्हणाले, "पंदरा वर्सां तुका सांगूक धीर जावक नाय. तिघांक मीच मारलंय गो."

मला वाटलं काकी किंचाळतील, नाहीतर तिथेच कोसळतील. मला त्यांची भीती वाटली, आबांची वाटली, आणि या दोघांच्या मध्ये जन्माला येणाऱ्या जिवाची सगळ्यांत जास्त. काकी उठल्या. पुडी मिटून बाहेर गेल्या. आबा तिथेच उभे होते, त्यांच्याकडे न बघता पुढे गेल्या, बांधावरच्या झाडाच्या बुंध्याशी माती ठेवली, हात जोडले. परत येऊन मी शिकवलं होतं तसे कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, नखंसुद्धा.

"सांग बाये," त्या म्हणाल्या. "काय करू?"

मुलगी झाली.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि आम्ही गावात परतलो. पडवीतल्या दोन पेट्यांतली रोपं माना टाकून वाळली होती. आबांनी ती काढली नाहीत. तशीही कोणाला शुद्ध होती? घरात आता दिवस मोजणं चाललं होतं. रोज सकाळी आबा बाळंतिणीच्या खोलीच्या बंद दाराशी येत आणि विचारत, "ओढता मां?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं, हा माणूस इतकी वर्षं त्या पेट्यांवर वाकून काय विचारत होता ते.

"ओढतं, आबा," मी आतून सांगायचे. काकी उत्तर देत नसत. शिवेबाहेर ते बोलणं झाल्यापासून त्या नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ताट वाढून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. मी बाळाची बेंबी तासातासाला बघत होते. सातव्या दिवशी मला जेवण गेलं नाही. या मुलीला काही झालं तर गाव म्हणेल देवीची माती नाकारली म्हणून, आणि आबा काय करतील, याचा विचार माझ्याच्याने होत नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी सुमनने बाळाला जवळ घेतलं. त्याने तोंड लावलं, आणि सोडलं. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं, आणि चेहरा आवळून रडू लागलं.

दाराबाहेर पावलं आली. "ओढता मां?"

मी उठले. हात धुतले होते, तरी पुन्हा धुतले. करंगळी बाळाच्या ओठांशी नेली. ओठ मिटलेले होते, त्यामुळे जबडा ताठ आहे की नाही ते मला कळेना. बाहेर दाराच्या फळीला आबांचं कपाळ टेकल्याचा आवाज तेवढा आला. मग ओठ उघडले. बाळाने हिरड्यांनी माझं बोट गच्च धरलं आणि चोखायला लागलं. तेव्हा मला त्याच्या नाकातली घरघर ऐकू आली. नाक चोंदलं होतं, एवढंच. मी कापसाची वात करून नाक साफ केलं आणि सुमनने त्याला पुन्हा लावलं. खोलीत दूध गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागला.

मी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी काकी बोलल्या. "ओढता."

बाहेर दाराची फळी करकरली.

"हात धुवा," काकी दाराकडे बघून म्हणाल्या, "आणि येवा. नातीक घेवा."

मागच्या पायरीवर पाणी ओतल्याचा आवाज सुरू झाला. लोट्यामागून लोटा. बाळ पिऊन झालं, सुमनने त्याला खांद्यावर घेतलं, ढेकर काढली, त्याला पेंग येऊ लागली, तरी पाणी ओतलं जातच होतं. मी उठून जाणार होते, पण काकींनी मला हाताने बसवलं आणि त्याच गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. आबांच्या हातांची कातडी पाण्याने पांढरी पडली होती आणि ते पुन्हा हंड्यात लोटा बुडवत होते. काकींनी त्यांच्या हातातून लोटा काढून घेतला.

"पुरे आता," त्या म्हणाल्या, आणि आपल्या पदराने त्यांचे हात पुसू लागल्या.